एक जूनची मुलं

दुकान, २० जानेवारी

वन्सं,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही हे पत्र बाजूला ठेवलं असणार आणि चहा झाल्यावर पुन्हा हातात घेतलं असणार, हे मला इथे बसून दिसतंय. चहाच्या आधी तुमचा राग एक असतो आणि चहानंतर दुसरा, हे मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात शिकले होते. झाला नसेल तर आधी करून घ्या. मी थांबते.

तर मुद्दा असा, की बॉबिन अठरा वर्षांची झाली. तुम्ही गेलात तेव्हा नऊची होती. दिवसभर घरात गरागरा फिरायची म्हणून तुम्हीच तिला हे नाव ठेवलंत, ते अजून तिच्या मानगुटीवर बसलंय. आता ती स्वतः फिरत नाही, एका जागी बसून वाचते आणि आम्हाला फिरवते.

तिला सार्वजनिक धोरण शिकायचंय. पब्लिक पॉलिसी. तुमच्या दादांना वाटलं विम्याचं काही असेल, आणि ते दोन दिवस खुशीत होते. मग तिने जेवताना समजावलं, "बाबा, एखादी योजना कोण ठरवतं, कुणाला विचारून ठरवतं आणि माणसांपर्यंत पोचेपर्यंत तिचं काय होतं, ते शिकायचं. आणि मग देशोदेशी जिथे गरज असेल तिथे जाऊन विकासाचं काम करायचं." दादांचा घास हातातच राहिला. "म्हणजे तुझ्या आत्यासारखं," ते म्हणाले. नऊ वर्षांनी पहिल्यांदा त्यांच्या तोंडून तुमचं नाव निघालं. मी पाणी आणायच्या निमित्ताने उठले, कारण मला हसू येत होतं की रडू, हे माझं मलाच कळेना.

ही पदवी तीन ठिकाणी मिळते. एक राजधानीत, नावाजलेलं, त्यांचं माहितीपुस्तक इतकं गुळगुळीत की हातातून निसटतं. दुसरं इथून बसने पाऊण तासावर. तिसरं फार लांब, एक रात्र आणि अर्धा दिवस गाडीत बसायचं, आणि त्याचं माहितीपुस्तक म्हणजे टाचणी मारलेली चार पानं. अर्ज तिघांचा मिळून एकच, पण त्यात पहिली पसंती एकच लिहायची, आणि ती मिळाली की बाकीची दारं बंद. शेवटची तारीख एकतीस मार्च.

दादा म्हणतात, पाऊण तासावरचं. कारण विचारलं तर म्हणतात, घरचं जेवण. खरं कारण तुम्हाला आणि मला दोघींना ठाऊक आहे. एक गेली ती परत आलीच नाही, आता दुसरीही तशीच जाईल, ही त्यांना धास्ती आहे. बॉबिन राजधानी आणि लांबचं यांच्यामध्ये लोंबकळतेय. मला यातलं ओ की ठो कळत नाही. ज्या कामासाठी ती शिकणार, ते तुम्ही वीस वर्षं करताय. तुम्हीच सांगा, तिने काय लिहावं?

फोन का केला नाही, असं म्हणाल. माझ्याकडे तुमचा नंबर नाही. पत्ताही तुमच्या जुन्या मैत्रिणीला गाठून मिळवला. आणि असता नंबर, तरी माझा आवाज ऐकून तुम्ही फोन ठेवला असता. पत्र निदान उघडावं लागतं.

गणवेशांबद्दल मी आत्ता काही लिहीत नाही. तुमच्या संस्थेने दादांच्या शाळेतल्या चारशे बारा मुलांना कपडे दिले, ते मी शिवले, आणि निम्म्या मुलांना ते आले नाहीत. माइक बंद आहे असं समजून दादा स्टेजवर तुम्हाला जे बोलले ते साऱ्या मैदानाने ऐकलं, आणि तुम्ही संध्याकाळच्या गाडीने निघून गेलात. मी आपली शिवणारी बाई. वरून मापांचा तक्ता आला, त्याप्रमाणे शिवलं. त्यात माझं काय?

उत्तर दुकानाच्या पत्त्यावर पाठवा. घरी कुणाला काही सांगितलेलं नाही.

तुमची वहिनी

०

दुकान, १२ फेब्रुवारी

वन्सं,

पोस्टमन रोज दुकानावरून जातो आणि मी रोज मशीन थांबवून त्याच्याकडे बघते. आमच्या काजवालीला, म्हणजे जी काज-बटणं करते तिला, वाटायला लागलंय की माझं काहीतरी भानगडीचं चाललंय. म्हटलं, वाटू दे. या वयात तेवढीच शोभा.

तुमचं उत्तर नाही, तरी लिहितेय. बॉबिनने माझा खाकी कागदाचा अख्खा गुंडाळा पळवला, ज्याच्यावर मी नमुने आखते तो. भिंतीवर लावून त्यावर तीन कॉलेजांचे तीन रकाने पाडलेत. कुठे किती अर्थशास्त्र, कुठे किती आकडेमोड, कोणती परकी भाषा शिकवतात, शिकून गेलेली मुलं आता कुठल्या देशात काय करतात. राजधानीच्या रकान्यात इतकं लिहिलंय की कागद काळा झालाय. लांबच्या रकान्यात एकच ओळ: "पहिल्या वर्षी चार महिने एका सरकारी कचेरीत किंवा दवाखान्यात बसवतात. काम करू देत नाहीत. नुसतं बघायचं."

"नुसतं बघायला तिकडे कशाला?" दादा म्हणाले. "माझ्या शाळेत येऊन बस."

"बाबा, तुमच्या शाळेत मी दहा वर्षं बसले," ती म्हणाली.

पण आता पसंती राहिली बाजूला, तो रकाना कोरा ठेवून कागदपत्रांच्या तपासणीला पाठवलेला अर्जच परत आलाय. वर लाल शाईत शेरा: जन्मतारखेत तफावत. दवाखान्याच्या दाखल्यावर एकोणीस सप्टेंबर, आणि शाळेच्या दाखल्यावर एक जून. मुख्याध्यापकांचा लेखी खुलासा जोडल्याशिवाय अर्ज स्वीकारला जाणार नाही.

आता मुख्याध्यापक कोण? तुमचे दादा. गेल्या वर्षी बढती मिळाली. आणि ती तारीख लिहिली कुणी? तेव्हाचे पहिलीचे वर्गशिक्षक, म्हणजे पुन्हा तुमचे दादाच. सप्टेंबर लिहिला असता तर वय साडेतीन महिन्यांनी कमी पडून तिचं वर्ष गेलं असतं, म्हणून स्वतःच्या पोरीला सरळ एक जून घातला. मला तेव्हा सांगितलंसुद्धा नाही. अठरा वर्षं मी सप्टेंबरात तिला ओवाळतेय आणि शाळेच्या लेखी तिचा वाढदिवस कधीच उरकलेला.

दोन दिवस त्यांनी खुलाशाचे मसुदे लिहिले. पहिला, "लेखनिकाच्या नजरचुकीने". बॉबिनने विचारलं, "लेखनिक कोण?" तो फाडला. दुसरा, "अपरिहार्य कारणास्तव". तोही फाडला. आता हजेरीपट तपासायला म्हणून जुनी वह्यांची पेटी घरी आणली आहे आणि ती उघडायचं नाव नाही.

कागद वेळेत गेला नाही तर पोरगी एक वर्ष घरी बसेल. तुम्हाला माझा राग असला तर असू दे, तिच्यासाठी दोन ओळी लिहा.

वहिनी

०

दुकान, २८ फेब्रुवारी

वन्सं,

तुमचं कार्ड आलं. पत्त्याच्या डाव्या बाजूला एवढीशी जागा, आणि त्यात तुम्ही मला बरोबर पकडलंत. मी ते पाठ केलंय: "वहिनी, त्या दिवशी एका मुलाचा उसवलेला शर्ट मी बरोबर आणला. अजून माझ्याकडे आहे. आत दोन बोटं माया आहे. शाळेच्या गणवेशात इतका जास्तीचा कपडा शिवणीत कुणी सोडत नाही. तुम्हाला माहीत होतं ना?"

कॉलेजाबद्दल एक अक्षर नाही. बॉबिनला आशीर्वादसुद्धा नाही. मला आधी राग आला, मग मी चहा केला.

हो. मला माहीत होतं.

तुमचा तक्ता आला त्याच्या तिसऱ्या दिवशी मला कळलं. चौथीतली मुलं शाळा सुटल्यावर दुकानात यायची, कुणाची बटणं तुटलेली, कुणाची चड्डी उसवलेली. मी सहज टेप लावला. तक्त्यात नऊ वर्षांच्या मुलाची छाती लिहिली होती, आणि नऊ वर्षांचा म्हणून जो माझ्यासमोर उभा होता त्याला मिसरूड फुटायच्या बेतात होतं. अशा तीस मुलांची मापं मी वहीत उतरवली आणि वही घेऊन तुमच्याकडे आले. तुम्ही माझ्या दुकानाच्या दारातच फोनवर होतात. हाताने मला थांबवलंत, आणि फोन ठेवल्यावर माझ्या दोन्ही शिवणाऱ्या बायकांसमोर म्हणालात, "वहिनी, तुम्ही फक्त शिवा. डोकं लावू नका, तक्ता वरून आलाय."

तुम्ही विसरला असाल. घाईत होतात, पहिलंच मोठं काम होतं तुमचं. पण मला ते झोंबलं. मी वही मिटली आणि मनात म्हटलं, बरं बाई, फक्त शिवते. चारशे बारा मुलांचे कपडे चुकतायत हे माहीत असून मी मशीन चालवत राहिले. फक्त हाताला राहवेना, म्हणून प्रत्येक शिवणीत दोन बोटं माया सोडली, म्हणजे मागाहून उसवून सैल करता येईल. तुम्हाला तोंडावर सांगितलं असतं तर तेही करावं लागलं नसतं. मैदानावर तुमची शोभा झाली तेव्हा मी खुर्च्यांच्या मागे उभी होते. नऊ वर्षं मी ते कुणाला सांगितलेलं नाही. मी चुकले, वन्सं. फार चुकले.

आता दुसरं ऐका, हे तुम्हाला माहीत असणं शक्यच नाही. परवा बॉबिनने ती पेटी उघडली. आपल्या तारखेच्या वरखाली बघते तर एक जून, एक जून, एक जून. मोजले तर एकशे अडुसष्ट. तीही त्यातच.

"बाबा, ही सगळी एकाच दिवशी जन्मली?"

दादा पेपर वाचत होते. पेपर तसाच ठेवून म्हणाले, "आई-बापांना तारीख सांगता यायची नाही. मग काय करायचं? मुलाला उभं करायचं, उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावायला सांगायचं. लागला, की सहा वर्षं पूर्ण. लिही एक जून."

"आणि हात आखूड असला तर?"

"मग पुढच्या वर्षी यायचं."

"म्हणजे दहा वर्षांचं पोर पहिलीत आलं, तरी कागदावर सहाचंच?"

दादांनी पेपराचं पान उलटलं. आणि मग, वन्सं, ती हळूच म्हणाली, "आत्याचा तक्ता वयावर होता ना?" मी मशीनवर बसले होते, माझा पाय थांबला. तक्ता वयावर होता. वयं हजेरीपटावरून घेतली होती. हजेरीपट दादांच्या अक्षरात होता. स्टेजवर ज्यांनी तुम्हाला न बघता कपडे शिवायला निघालीस म्हणून सुनावलं, त्यांनीच ती वयं कान बघून घातली होती. दादा उठले, चपला घातल्या आणि बाहेर गेले. तासाभराने आले आणि जेवायला बसले.

आणखी एक. हे आधीच लिहायला हवं होतं. तुम्हाला वाटत असेल की सगळे कपडे वाया गेले. तुमच्याकडचा तो एक सोडला तर एकही गेला नाही. तुमची गाडी सुटायच्या आत, ज्यांना कपडे आले नव्हते त्यांतल्या निम्म्या मुलांनी मैदानावरच आपसात अदलाबदल केली होती. बाकावर उभी राहून ओरडत होती कोण, तर बॉबिन! "लांब बाहीवाले इकडे! बटण न लागणारे तिकडे!" उरलेले मी महिनाभरात उसवून सैल करून दिले, माया होतीच. ते गणवेश पोरांनी पुढे तीन वर्षं घातले. तुम्हाला कळवायचं कुणी? बोलणंच बंद होतं.

आणि त्या बाकावरच आपल्या पोरीच्या डोक्यात हे खूळ शिरलं, असं तिने अर्जासोबतच्या निबंधात लिहिलंय. मी चोरून वाचला. तुमच्यावर एक वाईट शब्द नाही त्यात.

वहिनी

०

घर, २६ मार्च

वन्सं,

मी तुम्हाला दुकानाचा पत्ता दिला होता. तुम्ही पाकिटावर घराचा घातलात, आणि वर मोठ्या अक्षरात तीन नावं: दादा, वहिनी आणि बॉबिन. मुद्दाम केलंत. शाळेला सुट्टी होती आणि पोस्टमनच्या हातून पाकीट घेतलं ते दादांनीच.

मी दुपारी घरी आले तर पाकीट टेबलावर मधोमध, न उघडलेलं, आणि दादा समोरच्या खुर्चीत. किती वेळ बसले होते कोण जाणे. "तुला पत्रं येतात?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "येतात. मीच आधी लिहिलं." मला वाटलं आता आवाज चढेल. तर म्हणाले, "तिचं अक्षर बदललंय. पूर्वी गोल होतं." आणि चष्मा काढून पुसायला लागले. तेवढ्यात बॉबिन आली, तिने काही न विचारता पाकीट फोडलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

माझ्यासाठी लिहिलेलं ती वाचताना मी स्वयंपाकघरात होते. "वहिनी, फक्त शिवा, असं मी म्हणाले होते हे मला लख्ख आठवतं. विसरले नव्हते. तुम्ही त्याची आठवण काढाल म्हणूनच घरी पत्र लिहायची हिंमत होत नव्हती." एवढंच आठवतंय, बाकीचं मी नंतर सावकाश वाचलं, चार वेळा.

मग दादांच्या ओळी आल्या. "दादा, एक जूनचं कळलं. इतकी मुलं एकाच दिवशी कशी जन्मली, हे मी यादी हातात असून एकदाही विचारलं नाही. तू लिहिलंस, मी वाचलं. निम्मं-निम्मं." तुम्ही दोघं लहानपणी खोडी केलीत की मारही असाच वाटून घ्यायचात म्हणे. हे मला त्या दिवशी कळलं, कारण दादा ते सांगायला लागले आणि सांगता सांगता हसायला लागले आणि हसता हसता त्यांना इतकं रडू आलं की बॉबिन घाबरली. मी तिला म्हटलं, राहू दे, साचलंय नऊ वर्षांचं.

आता तिच्या कामाचं. कुठलं कॉलेज ते तुम्ही सांगितलंच नाहीत. लिहिलंत, "तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट विचार. तुमच्या पहिल्या वर्षाच्या मुलांनी एखादी मोठी चूक कधी केली, आणि ती कुणी दुरुस्त केली? काय सांगतात ते ऐक आणि तूच ठरव." मला वाटलं हा काय सल्ला! पण दुसऱ्या दिवशी तिने माझ्या दुकानातूनच तिन्ही फोन केले, म्हणून मी सगळं स्वतः ऐकलंय.

राजधानीवाल्यांनी तिला चार खात्यांतून फिरवलं आणि शेवटी सांगितलं की माहितीपुस्तक बघा. पाऊण तासावरच्या विभागप्रमुखांना दादा ओळखतात. ते गृहस्थ प्रेमाने बोलले, पण म्हणाले, "बाळ, आमची मुलं चुकत नाहीत. आमचं लक्ष असतं."

लांबच्या कॉलेजात एका बाईंनी फोन उचलला. प्रश्न ऐकून त्या ज्या हसायला लागल्या त्या थांबेचनात. "किती चुका सांगू?" म्हणाल्या. मग त्यांनी सांगितलं, की एका वर्षी त्यांच्या मुलांनी दवाखान्यातली रांग मोजली. रोज सकाळी माणसं एकोणीस. अहवाल लिहिला, गर्दी नाही, एक डॉक्टर दुसरीकडे हलवला तरी चालेल. अहवाल वर जायच्या आदल्या दिवशी तिथे झाडू मारणाऱ्या बाईने विचारलं, "आणि पिशव्या मोजल्या का?" बायका पहाटे येऊन रांगेत पिशवी ठेवायच्या आणि घरची कामं उरकायला जायच्या. पिशव्या होत्या बेचाळीस. मुलांनी रोज त्या ओलांडून माणसं मोजली होती.

"मग?" बॉबिनने विचारलं.

"मग काय, अहवाल फाडला. आता दर वर्षी पहिला तास ती बाई घेते. नाव हजेरीवर आहे तिचं, मानधनासकट."

बॉबिनने फोन ठेवला आणि माझ्या अंगावर येऊन पडली. "आई, तिथे तुझ्यासारख्या बायकांना विचारतात!" वन्सं, मी तीस वर्षं कपडे शिवतेय, माझ्याबद्दल असं कुणी बोललं नव्हतं. मी कात्री खाली ठेवली, नाहीतर कुणाची तरी बाही कापली गेली असती.

संध्याकाळी तिने ते बाबांना सांगितलं.  दादांनी विचारलं, "किती लांब म्हणालीस?" तिने सांगितलं. ते म्हणाले, "लांबच आहे."  मग म्हणाले, "तुझ्या आत्याला मी लांब गेली म्हणून गमावलं नाही. पसंती तुझी तू लिही. मी खुलासा लिहितो."

आणि लिहिला. नक्कल सोबत जोडलीय, बघाच. "सदर जन्मतारीख मी स्वतः अंदाजाने घातलेली आहे. अशाच आणखी एकशे सदुसष्ट तारखा मी घातल्या आहेत. त्यामुळे काही मुलांचं नुकसान झालं, आणि एका व्यक्तीवर चुकीचा ठपका आला." बॉबिन कळवळून म्हणाली, "बाबा, माझ्यापुरतं लिहा ना! एवढं वाचून ते अर्जच फेकून देतील." तुमचे दादा कसे आहेत, तुम्हाला माहीत आहेच. एकदा गणित मांडलं की मधली पायरी गाळू देत नाहीत. सही केली, शिक्का मारला आणि पोस्टात स्वतः देऊन आले.

आता फेकतात की घेतात, कळेल. मी नवस वगैरे बोललेले नाही, पण काळजीच्या भरात तीन परकर उलटे शिवले आहेत.

वहिनी

०

दुकान, २० मे

वन्सं,

मिळालं! लांबचं, पहिली पसंती, मिळालं!

हे आधी लिहिते आणि मग सविस्तर, नाहीतर तुम्ही चहा करायला जाल.

खुलाशाचं काय झालं ते ऐका. अर्ज जाऊन पंधरा दिवस झाले तरी काही नाही. दादा वरून शांत, पण भाजी आणायला निघून रोज पोस्टात डोकवायचे आणि भाजीऐवजी तिकिटं घेऊन यायचे. एक दिवस शाळेत फोन आला. प्रवेश कचेरीतला तपासणी कारकून. "गुरुजी, तुमचा खुलासा वाचला," तो म्हणाला. दादांनी सांगितलं, "जे खरं आहे ते लिहिलंय." तो म्हणाला, "अर्ज पुढे पाठवतोय. आणि गुरुजी, माझीही एक जूनच आहे. खरी तारीख आईलाही माहीत नाही. कुणीतरी हे लिहून दिलं, बरं वाटलं." दादा घरी आले ते जिन्यापासूनच हाका मारत. त्यांचा इतका मोठा आवाज मी त्या माइकनंतर पहिल्यांदाच ऐकला.

त्या फोनपासून बॉबिनच्या डोक्यात नवीनच निघालंय. एकशे अडुसष्ट जणांपैकी जितके सापडतील तितक्यांना एक जूनला शाळेच्या मैदानावर बोलवायचं. सगळ्यांचा एकदम वाढदिवस. आजवर एकशे नऊ जणांनी येतो म्हणून कळवलंय. त्यात एक बसड्रायव्हर आहे, दोन नर्स आहेत, एकाची स्वतःची मुलगी आता पहिलीत जाणार आहे. ज्याला मिसरूड फुटत होतं तो आता पोलिसात आहे, त्याने विचारलं, "तो छातीवर न बसणारा शर्ट घालून येऊ का?" दादा प्रत्येकाची माफी मागायची म्हणतायत. मी म्हटलं, एकशे नऊ माफ्या मागत बसलात तर लोकांनी खायचं कधी? एकदाच मागा, आणि माइक चालू आहे ना ते बघून मागा.

तुम्ही तीस मेला पोचताय हे वाचल्यापासून त्यांनी घराचं रंगकाम काढलंय. तुमच्या खोलीचा रंग कोणता ठेवायचा यावर बापलेकीचं रोज वाजतं. बॉबिनने भिंतीवरचा खाकी कागद उतरवला, आणि मागच्या कोऱ्या बाजूवर तुम्हाला विचारायचे प्रश्न लिहून काढलेत. सदतीस झालेत. झोप काढून या.

तो उसवलेला शर्ट आठवणीने आणा. मला तो शिवून द्यायचाय. ज्याचा आहे तोही येणार आहे, आत्यांनी नेलेला शर्ट माझाच, असं त्याने स्वतःहून सांगितलं.

खालच्या ओळी माझ्या नाहीत. पत्र संपवायच्या आधीच त्यांनी पेन ओढून घेतलं.

"स्टेजवर जे बोललो ते चूक होतं आणि खोटंही होतं. वयं मी घातली होती. स्टँडवर मी येतो आहे. — दादा"

बघा, जागा किती खाल्ली.

तर शेवटचं. तुमच्यासाठी कापड आणलंय, निळं, बारीक पांढऱ्या रेघेचं. एक जूनला घालायला काहीतरी नवं हवंच. काजवाली म्हणाली, जुन्या फोटोवरून अंदाजाने कापून ठेवू, म्हणजे दोन दिवसांत होईल. बॉबिन म्हणाली, आत्याला पत्राने मापं विचारू. मी दोघींना कापडाला हात लावू दिला नाही. ते टेबलावर घडी न मोडता ठेवलंय. टेप माझ्या गळ्यात आहे. तुम्ही या, पिशव्या खाली ठेवा आणि हात पसरून माझ्यासमोर उभ्या राहा. मग कापते.

तुमची वहिनी